बैल सोडेपर्यंत

कचेरीचा शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "जऊळक्याच्या जगदेवची बायको इथंच राह्यते काय?" आणि कस्तुराबाईची बोटं सांडग्याच्या पिठात होती तिथंच थांबली. सकाळचं ऊन नुकतंच घरमालकीण सुंदरबाईच्या भिंतीवरून उतरून बाजेवर आलं होतं. बाजेवर जुनं लुगडं अंथरून ती सांडगे घालत होती, शेजारच्या दोघीतिघी सुपं घेऊन बसल्या होत्या आणि कुणाच्या तरी सुनेच्या डोहाळ्यांचं बोलणं चाललं होतं. ते बोलणं तुटलं. जगदेव कोण हे वाशिमात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यानं एका दुपारी केलेल्या तीन खुनांचं गाणं जत्रेत डफावर म्हटलं जाई. पोर निजेना झालं की आया 'जगदेव येईन' म्हणत, आणि ज्या पोरांना तसं म्हटलं होतं त्यांनाही आता पोरं झाली होती. पण त्या नावाला एक बायको असेल, ती याच गल्लीत सांडगे-पापड करून पोट भरत असेल, दर संक्रांतीला आपण तिच्या कपाळाला कुंकू लावतो, आपल्या सुनांच्या ओट्या तिच्या हातून भरून घेतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कस्तुराबाईलाही क्षणभर वाटलं, कोण बरं असेल ती बाई? शिपायाचा आवाज पाण्यातून यावा तसा तिच्यापर्यंत आला होता. जणू ती गावातल्या पद्मतीर्थ तळ्याच्या तळाशी बसली आहे, आणि वर काठावर कुणीतरी एका अनोळखी बाईला हाका मारतं आहे, आणि ती बाई काही ओ देत नाही. मग तिनं पिठाचा हात नेसत्या लुगड्याला पुसला, असं ती कधी करत नसे, आणि म्हणाली, "मीच ते. काय काम हाये?"

नायब तहसीलदार वयानं लहान होता आणि हळू बोलणारा होता. तिला खुर्चीवर बसा म्हणाला; ती खाली फरशीवर बसली. नागपूरला नवं मंत्रिमंडळ बसल्यापासून पुष्कळ गोष्टी नव्यानं चालल्या आहेत, असं काहीसं तो आधी बोलला. मग म्हणाला, "ज्यांची वागणूक चांगली आहे आणि ज्यांनी आत पुष्कळ वर्षं काढलीत, अशा जन्मठेपेच्या कैद्यांना मुदतीआधी सोडायचं ठरतंय, बाई. अगदी मोकळं नाही. कुणीतरी जबाबदार माणसानं त्याला आपल्या घरी न्यायचं, त्याच्यावर नजर ठेवायची. आणि ज्यांची माणसं मेली त्यांना विचारायचं, की तुमची काही हरकत आहे का."

"मंग?"

त्यानं समोरचा कागद उलटला. "मेलेले पुंजाजी, ते तुमचे वडील. रामराव तुमचा भाऊ. त्या घरात आणखी कुणी आहे?"

"नाही."

"आणि जगदेवच्या घरात?"

"कोनी नाही उरलं. मीच."

"म्हणजे दोन्हीकडून तुम्हालाच विचारायचं आलं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. "मोठं बदनाम नाव आहे. वरचे साहेब म्हणतात, असल्या माणसाला कधीच सोडू नये, लोक काय म्हणतील. दुसरे म्हणतात, बाकीचे सगळे सोडायचे आणि नाव मोठं म्हणून यालाच ठेवायचं, हा कुठला न्याय? मला विचाराल तर मला ठरवता येत नाही. तुम्ही पुढच्या बाजारापर्यंत सांगा."

ती परत निघाली तेव्हा ऊन चढलं होतं, आणि रस्ता तिला ओळखीचा वाटेना. तेलाच्या घाण्याचा वास, ताग्यांमागं बसलेले दुकानदार, एका गाडीवानाची शीळ, सगळं कुणीतरी दुसऱ्यानं पाहिलेलं आणि तिला सांगितलेलं असावं तसं. जगदेव जऊळक्याला घरजावई होता. पुंजाजीची शेती मोठी, हात थोडे, म्हणून त्यानं केनवडकडच्या एका गरीब घरातला हा उंच, अबोल पोरगा पाहून आणला. तो बैलांशी बोलायचा तितकं माणसांशी बोलत नसे. बैलाच्या शेपटीत अडकलेले गोखरू एकेक करून काढत बसायचा, आणि त्याच बोटांनी तिच्या केसांतली गुंत सोडवायचा, केस ओढला जाऊ नये म्हणून मुळाशी धरून. त्या बोटांची सवय तिच्या डोक्याला इतकी वर्षं होती. अजूनही वेणी घालताना तिचा हात मध्येच थांबे. आणि मग ती दुपार. खळ्यात ज्वारीची मळणी चालली होती. ती भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती. वारा होता, कोंडा उडून उन्हात असा तरंगत होता की सगळं खळं सोन्याच्या धुरात दिसत होतं, आणि त्या धुरात तीन माणसं झोपलेली होती, आणि जगदेव पाटाच्या पाण्यात हात धूत होता. पाणी स्वच्छ वाहत होतं. तिला वाटलं होतं, आज हे जेवणाआधीच कसे निजले? एवढंच वाटलं होतं. बाकीचं पुढं कधीतरी वाटलं, कित्येक महिने थोडं थोडं वाटत राहिलं. कोर्टात त्याला विचारलं, का केलंस? तो म्हणाला, "केलं. कायले केलं ते मले मालूम नाही." फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टानं ती काढून जन्मठेप दिली, कारण कारणच सापडेना. घरात भांडण नव्हतं, बाई नव्हती, दारू नव्हती. लोकांनी गाण्यात कारणं घातली. कस्तुरानं मात्र मनाशी एक ठरवून टाकलं होतं, की वावटळ येते तसं काहीतरी त्याच्यातून गेलं. वावटळीला कुणी कारण विचारत नाही, आणि वावटळ गेल्यावर मागं जे उरतं तो पुन्हा आपलाच माणूस असतो. त्या समजुतीवर ती जगली होती. कुंकू पुसलं नव्हतं ते त्या समजुतीवर. बापाचं आणि भावाचं श्राद्ध ती त्याच कपाळानं करायची, आणि पिंडाला कावळा शिवायचा.

संध्याकाळी सुंदरबाई वर आली. एका जैन कापडवाल्याची ही विधवा. माडीवरची खोली तिनंच कस्तुराला दिलेली. दरसाल पजूसणाचं पर्व संपलं की ती जिना चढून येई आणि हात जोडून म्हणे, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा कर. आज तिनं हात जोडले नाहीत. उंबऱ्यातच उभी राहिली.

"खरं हाये?"

"हाव."

"अन् तू मला बोलली नाही."

"कोन्या तोंडानं बोलनार होती?"

सुंदरबाईची नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीवर गेली. "बाई, मी रोज मुंगीवर पाय पडू नये म्हणून वाकून चालते. त्या माणसाला माफ कर म्हटलं तर करीन मी. आत्ता करीन. पण माफी वेगळी अन् जिना वेगळा. या जिन्यावर त्याचा पाय नको." आणि मग, जाता जाता, जरा ओशाळून म्हणाली, "तू राहा. तुला कोणी जा म्हणत नाही."

कस्तुराला तिचा राग आला नाही. सुंदरबाई खरं बोलली होती. ती खिडकीशी बसली आणि कितीतरी वेळ एका घराची जुळवाजुळव करत राहिली, गावाबाहेर, मातीचं, समोर थोडं अंगण, अंगणात एक निंब, निंबाखाली बाजेवर एक म्हातारा होत आलेला माणूस. त्याचं तोंड दिसत नव्हतं. ती आतून पाण्याचा गडवा घेऊन येत होती आणि अंगण संपत नव्हतं. जागी होती की नव्हती तिला कळलं नाही. त्या अंगणातून चालताना एकाएकी तिच्या मनात आलं, की खळ्यात तर तिघं होते. नायब तहसीलदारानं दोघांचीच नावं घेतली.

तिसरा देवला. पुंजाजीचा सालदार गडी. त्याची बायको प्रयागबाई जऊळक्यातच होती, स्टेशनापलीकडच्या झोपड्यांत. खुनानंतर कस्तुरा गाव सोडून निघाली ती पुन्हा त्या वाटेला गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. डब्यात एक बाई लिंबं घेऊन चालली होती, त्या वासात डोळे मिटून तिनं गाडीच्या चाकांचा आवाज ऐकला, आणि जऊळक्याला उतरली तेव्हा आपले पाय आपल्याला कुठं नेतात ते पाहत चालू लागली.

प्रयागबाई दारात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. म्हातारी झाली होती. तिनं मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली घातली, दोन गाठी मारल्या, आणि मग म्हणाली, "कस्तुरा ना तू? बैस."

कस्तुरानं सगळं सांगितलं. कायदा, कचेरी, दोन्हीकडून आपल्यालाच विचारतात ते.

"मले कोनी इचारलं नाही," प्रयागबाई म्हणाली.

"म्हनून त आली."

"गान्यात बी त्याचं नाव नाही, पाह्य. 'अन् एक गडी' म्हनतात. मी जत्रंत ऐकलं." तिनं झाडू बाजूला ठेवला. रागावलेली दिसत नव्हती. फार दिवसांनी एखादी वस्तू सापडावी तशी ती स्वतःचं बोलणं ऐकत होती. "त्या दिवशी सकाऊन आमचं भांडन झालं. कायचं होतं तेही आठोत नाही आता. तो न बोलता गेला. मी बी नाही बोलली. मले एकच वाटते बाई, मरताना तो काही बोलला काय? माह्यं नाव घेतलं काय, शिवी देली काय, पानी मांगतलं काय? हे कोनाले मालूम हाये? त्या एकट्याले. दुसरं कोनी जितं नाही. त्याले सोडा नाही त ठेवा, पन कोनी त्याले एवढं इचारून दे मले."

जगदेवला चौकशीसाठी नागपूरहून अकोल्याच्या तुरुंगात आणून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत कस्तुरा त्याला भेटायला गेली नव्हती; जावं की जाऊ नये असा विचारही तिनं केला नव्हता, कारण तो विचार करायला घेतला असता तर दुसरं काही करता आलं नसतं. आता प्रयागबाईचा प्रश्न हातात होता आणि त्या प्रश्नाच्या आडून तिला जाता आलं. जाळीपलीकडे एक वाळलेला माणूस येऊन बसला. केस कापलेले, पांढरे, दाढीचे खुंट, सतरंज्या विणायचं काम करत असावा, कारण बोटांना सुताचे तंतू चिकटलेले होते. तिला वाटलं होतं आपण भिऊ, किंवा आपल्याला किळस येईल. तसं झालं नाही. तिला ती बोटं दिसली, आणि डोक्याच्या कातडीवर मुळाशी धरलेल्या केसांची हलकी ओढ जाणवली, इतकी खरी की तिनं पदर पुढं ओढून घेतला.

"कस्तुरा," तो म्हणाला. मग बोटावरचा एक तंतू काढत, "माय गेली काय माही?"

"लय वर्स झाले."

"हाव." त्यानं मान हलवली. "साहेब म्हने, सोडतो, नेनारं कोनी पाह्यजे. मी म्हटलं, कोनी नाही. कुठी राह्यतं तू?"

"वाशिमात. माडीवर खोली हाये."

"अंगन नाही?"

"नाही."

"इथं बी नाही. पत्थर हाये सारा."

"अंगन भेटीन," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला समजलं आपण काय बोललो ते. आतून उबेची एक लाट आली, लाजेसारखी, नव्या नवरीला येते तशी, आणि त्या लाटेत ती जरा वेळ बसून राहिली. तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत मागणं नव्हतं, एक दमलेलं आश्चर्य होतं. काही न विचारता ती तशीच उठली असती तर ते घर, तो निंब, सगळं खरं झालं असतं. शिपाई वेळ झाल्याचं सांगायला पुढं सरकला होता. पण प्रयागबाई तिकडे झाडू बांधत वाट बघत होती.

"एक इचारायचं हाये," ती म्हणाली. "देवला मरताना काय बोलला?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला नाही. ते त्याच्याजवळच होतं. "मामंजी अन् रामराव पडले तवा बैल बुजले. दावे तानून मधल्या खांबाभोवती गरगरा फिराले लागले, एकमेकावर चढाले लागले. देवला हात जोडून म्हने, मालक, बैल गयफास लागून मरतीन, मले आधी त्याहिले सोडू द्या. मी म्हटलं, सोड. त्यानं सोडले. दावे गुंडाळून ठेवले. मंग म्या त्याले मारलं."

कस्तुराला आपला आवाज लांबून ऐकू आला. "तोवर तुमी काय करत होते?"

"उभा होतो."

"किती वेळ?"

"बैल सोडेपर्यंत." मग तो म्हणाला, "हे कोर्टात नाही सांगतलं. कोनी इचारलं नाही. तू इचारलं म्हनून."

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि बाहेरची शेतं मागं मागं जाताना पाहत राहिली. कापणी झालेली, मोकळी. वावटळ नव्हती. वावटळ थांबत नाही. एक माणूस हातात कुऱ्हाड घेऊन उन्हात उभा होता, वारा सुटला होता, कोंडा उडत होता, आणि दुसरा माणूस वाकून एकेक दावं सोडत होता, घाई न करता, कारण बुजलेल्या जनावराजवळ घाई करून चालत नाही. आणि उभा होता तो त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याला बैलांची काळजी वाटत होती, ती खरीच वाटत होती. त्या तेवढ्या वेळात तो काहीही करू शकला असता. कुऱ्हाड टाकून चालू लागला असता. बांधावरून येणारी ती त्याला दिसली असती. आणि तरी त्यानं हे खरं सांगितलं, दडवलं नाही, सुटकेचा दरवाजा समोर उघडा दिसत असताना सांगितलं. हे कोणत्या बाजूला टाकायचं? ती पुन्हा पुन्हा त्या खळ्यात जाई, आणि दर वेळी थोडी लवकर पोचे, आणि दर वेळी देवलाच्या हातातलं शेवटचं दावं सुटत आलेलं असे. तिला एवढंच कळत होतं की प्रयागबाईला हे सांगितलं तर अंगणातला निंब गेला. आणि न सांगता तिला काहीबाही सांगता येईल: पाणी मागितलं, तुझं नाव घेतलं. म्हातारीला बरं वाटेल. कुणाचं काय जाणार होतं? जऊळक्याचं स्टेशन आलं. ती उतरली.

तिनं आहे तसं सांगितलं. प्रयागबाई ऐकत असताना तिच्या तोंडावर आधी हसू आलं. "तसाच होता तो. घरी पोर तापलं तरी इतली फिकर नाही केली कधी." मग हसू तसंच राहिलं आणि डोळे वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत. कस्तुरा तिच्याजवळ बसून राहिली. कोंबड्या येऊन त्यांच्या पायांजवळ टिपून गेल्या.

बाजाराच्या दिवशी दोघी कचेरीत गेल्या. नायब तहसीलदारानं प्रयागबाईकडे पाहून, ही कोण, असं विचारलं.

"देवलाची बायको," कस्तुरा म्हणाली. "साहेब, त्याले न्यायचं असन त मी नेईन. दुसरं कोनी नाही त्याले. पन हरकत इचारायची त ते हिले इचारा. मले दोन तोंडं हायेत, दोन्ही एक बोलत नाहीत. हिले एक हाये."

त्यानं पेन खाली ठेवलं. जरा शरमला. "खरं म्हणजे आधीच विचारायला हवं होतं. बाई, तुमची काही हरकत आहे?"

प्रयागबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली, तेव्हा त्याला वाटलं, तिला समजलं नाही. तो पुन्हा सांगू लागला. ती म्हणाली, "समजलं मले. तिथं त्याले जेवाले देतात काय?"

"देतात."

"पोटभर?"

"हो, बाई."

"मंग राहू द्या तिथंच. मले त्याचं मरन नाही पाह्यजे. खोटं नाही बोलला तो, हेही खरं. पन रोज सांजच्याले गावोगाव बैल सुटतात, साहेब. तवा तो बाहीर नको."

नायब तहसीलदारानं कस्तुराकडे पाहिलं, की तुम्हाला काही म्हणायचं आहे का. तिला पुष्कळ म्हणायचं होतं असं तिला वाटत होतं, पण घशाशी आल्यावर ते शब्द नव्हतेच. नुसतं ऊन होतं, आणि निंबाच्या पानांची सावली, आणि तीही विरत चाललेली. तिनं मान हलवली. नाही.

कस्तुरा प्रयागबाईला पोचवायला स्टेशनावर आली; बाकावर दोघी बसल्या. जऊळक्याकडे जाणारी दुपारची गाडी यायला अवकाश होता. बाजाराला आलेली माणसं पोती उशाला घेऊन पडली होती. एक कुत्रं रुळांच्या कडेनं वास घेत चाललं होतं.

"तुले वाईट वाटलं," प्रयागबाई म्हणाली.

"हाव."

"मंग सांगतलं कायले मले? गुपचूप नेलं असतं त्याले."

"नेलं असतं."

वारा पडला होता. लोखंड तापल्याचा वास येत होता. थोड्या वेळानं प्रयागबाईची मान हळूहळू कलली आणि तिचं डोकं कस्तुराच्या खांद्यावर आलं. केसांना चुलीच्या धुराचा वास होता. एवढंसं डोकं, पण त्याला केवढं वजन होतं. झोपेत तिचा श्वास मध्येच अडके, मग पुन्हा लागे. कस्तुरा आधी अवघडून बसली. मग तिनं पाठ बाकाला टेकवली, खांदा सैल सोडला, आणि तो खांदा असा कुणाच्या उपयोगी पडून किती काळ झाला हे तिला आठवेना. दूरवर धूर दिसला. गाडी आली, तिची सावली दोघींच्या अंगावरून सरकून थांबली, माणसं उठली, हाका झाल्या, दारं आपटली. गार्डानं त्यांच्याकडे पाहून हात केला. कस्तुरानं मान हलवली, आणि प्रयागबाई जागी होऊ नये म्हणून ती गाडी निघून जाईपर्यंत हलली नाही.